‘त्यां’चा चेहरा का काढला नाही?

प्रश्न एका तरुण चित्रकर्तीचा आहे. एका काल्पनिक हुकूमशाही राज्यावर त्यांनी चित्रकथा लिहायला घेतली आहे आणि पहिली चार पाने काढूनही झाली आहेत. आता त्या विचारतात की, अशा कथेने सत्तेला खरोखर काही धक्का बसतो का, की ते केवळ काढणाऱ्याचे समाधान असते. आणि बसवायचाच असेल तर गोष्ट रूपकातून सांगावी की नावे घेऊन सरळ? गेली पंचवीसेक वर्षे मी चित्रकथा काढतो आहे आणि जवळजवळ तेवढाच काळ इतरांच्या पानांवर लाल पेन्सिल चालवतो आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

या विषयावर बोलताना बहुतेक जण ‘माउस’ आणि ‘पर्सेपोलिस’ ही दोन नावे घेतात. दोन्ही पुस्तके थोरच आहेत, पण दोन्ही अंतरावरून काढलेली आहेत. आर्ट स्पीगलमन यांनी वडिलांच्या छळछावणीतल्या आठवणी अमेरिकेत, युद्ध संपून काही दशके लोटल्यावर चितारल्या, आणि मार्जान सत्रापी यांनी इराणमधले बालपण फ्रान्समध्ये, फ्रेंच भाषेत मांडले. आपल्याकडच्या आणीबाणीवरची विश्वज्योती घोष यांची चित्रकादंबरीसुद्धा २०१० साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी आली. ही साक्षीची पुस्तके होत. सत्ता डोक्यावर बसलेली असताना, त्याच शहरात राहून, त्याच छापखान्यातून काय करता येते हे पाहायचे असेल तर मी विद्यार्थ्यांना अर्जेंटिनाकडे पाठवतो, आणि तिथेही एकाच माणसाकडे: हेक्टर हेर्मान ओएस्टरहेल्ड.

ओएस्टरहेल्ड यांचा जन्म १९१९चा, शिक्षण भूगर्भशास्त्राचे. ते स्वतः चित्रे काढत नसत, संहिता लिहीत. १९५७मध्ये त्यांनी भावाबरोबर ‘फ्रोन्तेरा’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि ‘ओरा सेरो’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच सुमारास ह्यूगो प्रॅट या चित्रकाराने त्यांच्या युद्धकथांमधल्या वार्ताहराला, एर्नी पाइकला, खुद्द ओएस्टरहेल्ड यांचाच चेहरा देऊन टाकला. मित्रामित्रांतली ती गंमत होती, पण तो वार्ताहर लढत नाही, पाहतो आणि सांगतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ४ सप्टेंबर १९५७ रोजी ‘ओरा सेरो’च्या साप्ताहिक पुरवणीत ‘एल एतेर्नाउता’ या मालिकेचा पहिला हप्ता आला. चित्रे फ्रान्सिस्को सोलानो लोपेस यांची होती आणि ही क्रमशः गोष्ट १९५९पर्यंत चालली. ४ सप्टेंबर हा दिवस आज अर्जेंटिनात चित्रकथा दिन म्हणून पाळला जातो.

गोष्टीची सुरुवात कुठल्याही होतकरू लेखकाने पाठ करावी अशी आहे. पहाटेचे तीन वाजलेत. आजूबाजूच्या घरांत कुठे दिवा नाही. फक्त एका चित्रकथा-लेखकाच्या अभ्यासिकेची खिडकी उजळलेली आहे. समोरच्या रिकाम्या खुर्चीत एक माणूस हळूहळू साकार होतो आणि आपली हकीकत सांगू लागतो. त्याचे नाव हुआन साल्वो. ब्युनोस आयर्सच्या उत्तरेला व्हिसेन्ते लोपेस नावाच्या उपनगरात त्याचे घर आहे, आणि एका रात्री तो तीन मित्रांबरोबर ‘त्रुको’ हा तिकडचा पत्त्यांचा डाव खेळत असताना बाहेर बर्फ पडू लागते. जो त्या बर्फाला शिवतो तो जागीच मरतो. ब्युनोस आयर्समध्ये १९१८ साली एकदा बर्फ पडले होते आणि त्यानंतर थेट २००७ साली, तेव्हा १९५७च्या बहुतेक वाचकांनी आपल्या शहरात बर्फ पाहिलेच नव्हते. शिवाय स्वस्त कागदावरच्या काळ्या-पांढऱ्या छपाईत बर्फ म्हणजे काय, तर शाई न लागलेला कागद. चित्रकाराने जिथे हात उचलला तिथे मृत्यू पडतो आहे! मी हे पान वर्गात दाखवतो तेव्हा आधी संवाद झाकून ठेवतो.

घरातल्या रबरी कापडाचा पोशाख शिवून आणि तोंडावर पाणबुड्याचा मुखवटा चढवून साल्वो बाहेर पडतो. त्याच्याबरोबर वाचक ज्या रस्त्यांवरून जातो ते त्याचे रोजचे रस्ते असतात: जनरल पाझ हा हमरस्ता, रिव्हर प्लेट क्लबचे फुटबॉलचे स्टेडियम, इटालिया चौक, संसदेसमोरचा चौक. तोवर परग्रहवासीयांच्या आक्रमणाची गोष्ट म्हटली की ती लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये घडणार असा संकेतच होता. जणू जगाचा अंत होण्याचा मानसुद्धा मोठ्या देशांचाच. ओएस्टरहेल्ड यांनी तो अंत ट्राममधून दिसणाऱ्या चौकात आणला. पुढे १९७८ साली लष्करी राजवटीने त्याच रिव्हर प्लेट स्टेडियमवर विश्वचषकाचा अंतिम सामना भरवला, आणि तिथून अगदी जवळ, नौदलाच्या यांत्रिकी शाळेत, त्या वेळी माणसांचा छळ चालू होता. लेखकाला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. पण जागा खरी निवडली की इतिहास मागाहून येऊन तिच्यात भर घालतो, आणि काल्पनिक राज्याचे काल्पनिक नाव ठेवणारा तेवढ्या एका गोष्टीला कायमचा मुकतो.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. या गोष्टीत साल्वो आणि त्याच्या सोबत्यांवर आधी अजस्र भुंगे चालून येतात. ते मेल्यावर कळते की त्यांना दुरून कुणीतरी चालवत होते. मग पकडलेली माणसेच चालून येतात, त्यांच्या मानेत यंत्र बसवलेले असते. या सगळ्यांना हुकूम देणारे कोण, तर ‘हात’: माणसासारखेच दिसणारे, पण हाताला असंख्य बोटे असलेले, कळफलकासमोर बसणारे जीव. वाचकाला वाटते, सापडला शत्रू. इतक्यात एक ‘हात’ त्यांच्या तावडीत सापडतो आणि उलगडा होतो की तोही गुलामच आहे. त्याच्या शरीरात लहानपणीच भीतीची ग्रंथी बसवलेली आहे. त्याला भीती वाटली की ती ग्रंथी विष सोडते आणि तो मरतो. म्हणजे बंडाचा विचार मनात आला, त्याच्या परिणामाची धास्ती वाटली, की संपला. मरता मरता तो एका साध्या कॉफीच्या भांड्याकडे पाहतो आणि त्याला ते शिल्प वाटते. अशा सुंदर वस्तूंच्या गराड्यात राहूनही माणसांना त्याची जाणीव नाही याचे त्याला नवल वाटते. ज्यांनी त्याला हे असे केले त्यांना गोष्टीत एकच नाव आहे: ‘ते’. साडेतीनशेहून अधिक पानांत ‘ते’ एकदाही दिसत नाहीत.

लोपेस यांना राक्षस काढता येत नव्हते असे नाही, भुंगे पाहावेत. तरीही ‘त्यां’चा चेहरा काढला नाही, कारण चेहरा काढला असता तर वाचकाने सगळा द्वेष त्या चेहऱ्यावर रिता केला असता आणि तो मोकळा होऊन झोपी गेला असता. चेहरा नसल्यामुळे त्याला साखळी पाहावी लागते: कोण कुणाचे ऐकतो, का ऐकतो, ऐकले नाही तर त्याचे काय होते. दंडुकेशाही चालते ती याच साखळीवर. चित्रकथा हे माध्यम ही साखळी दाखवायला फार सोयीचे आहे, कारण दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडले ते वाचक स्वतःच जुळवतो. एका चौकटीत कळफलकावरची बोटे, पुढच्या चौकटीत रस्त्यावर मान वळवणारा माणूस. मधला हुकूम कुठेही लिहिलेला नाही, तो वाचकाच्याच डोक्यात सुटतो. ज्या वाचकाने अशी जुळवाजुळव साप्ताहिक सवयीने दोन वर्षे केली त्याला पुढे वर्तमानपत्रातल्या दोन बातम्यांमधली कोरी पट्टीही दिसू लागते. सत्तेला चित्रकथेने धक्का बसतो का, याचे माझ्याकडे असलेले उत्तर एवढेच आहे, आणि ते संथ आहे.

इथे एका गैरसमजाविषयी सांगितले पाहिजे. ‘एल एतेर्नाउता’ हे १९७६च्या लष्करशहांविरुद्ध लिहिलेले पुस्तक आहे असे सर्रास म्हटले जाते, पण पंचांग तसे सांगत नाही. १९५७ साली अर्जेंटिनात लष्करी सरकारच होते, पण ते १९५५मध्ये राष्ट्राध्यक्ष पेरॉनला उलथून आलेले, आणि ओएस्टरहेल्ड तेव्हा पेरॉनवादी नव्हते. त्यांनी लिहिली ती एक साहसकथा होती. फक्त त्यात एकटा मर्द नायक नव्हता; प्राध्यापक, कामगार, शेजारी असे गटाने वागणारे लोक होते. पुढे सत्तरीच्या दशकातल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच म्हटले की, या गोष्टीचा खरा नायक समूह आहे. अर्थ आधी गोष्टीत होता आणि लेखकाला मागाहून उमगला, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा लेखक उघडपणे डावीकडे झुकला. चे गव्हेरा बोलिव्हियात मारला गेल्यावर अवघ्या काही महिन्यांत, १९६८च्या आरंभी, त्याचे चरित्र चित्रकथेच्या रूपात आले. चित्रे आल्बेर्तो ब्रेचा आणि त्यांचा मुलगा एन्रिके यांची. त्याची मूळ चित्रे नष्ट झाली आणि ते पुस्तक पुन्हा छापले जायला १९८७ साल उजाडले, तेही स्पेनमध्ये. १९६९मध्ये ‘हेन्ते’ या खपाच्या साप्ताहिकाने ‘एल एतेर्नाउता’ नव्याने छापायला घेतली, या वेळी ब्रेचा यांच्या चित्रांनिशी. नव्या संहितेत बड्या राष्ट्रांनी स्वतःची कातडी वाचवण्यासाठी दक्षिण अमेरिका आक्रमकांच्या हवाली केलेली होती, आणि ब्रेचा यांचे काळ्या डागांनी, चिकटकामाने भरलेले पान वाचकांच्या डोळ्यांना अनोळखी होते. प्रकाशकांनी मालिका घाईघाईने गुंडाळली आणि वाचकांची माफीही मागितली. त्या वेळी देशात जनरल ओंगानियाची राजवट होती. पण मालिका बंद पाडायला सैनिक यावे लागले नाहीत, वाचकांच्या तक्रारी आणि मालकाची अस्वस्थता पुरली. सेन्सॉर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिक्का मारणारा अधिकारी येतो. प्रत्यक्षात पहिला सेन्सॉर बहुतेक वेळा मानधनाचा धनादेश लिहिणारा असतो.

२४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता घेतली. त्याच दिवशीच्या एका फर्मानाने सैन्यदलांची बदनामी होईल असा मजकूर पसरवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा जाहीर केली. ओएस्टरहेल्ड आणि त्यांच्या चारही मुली तोवर ‘मोन्तोनेरोस’ या सशस्त्र डाव्या पेरॉनवादी संघटनेत गेल्या होत्या. याच काळात, भूमिगत असताना, ते ‘स्कोर्पिओ’ मासिकासाठी ‘एल एतेर्नाउता’चा दुसरा भाग लिहीत होते आणि तो डिसेंबर १९७६पासून देशातल्या वृत्तपत्रांच्या टपऱ्यांवर राजरोस विकला जात होता. लेखक पकडला गेल्यावरही हप्ते येत राहिले, १९७८पर्यंत. चित्रकथा पोरासोरांची म्हणून नजरेतून सुटते, हा तुच्छतेचा फायदा जगभर अनेकांनी घेतला आहे, पण इतका धडधडीत क्वचितच.

असे असूनही दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा नाही, हे मी स्पष्टच सांगतो. त्यात साल्वो हा जवळजवळ अतिमानवी सेनापती झाला आहे. मोठ्या ध्येयासाठी तो सोबत्यांना, शेवटी बायको-मुलीलाही, मरू देतो आणि गोष्ट त्याला दाद देते. समूहाचा नायक गेला आणि नेता आला. चित्रकार लोपेस यांना हे वळण रुचले नव्हते; पुढे मुलाच्या अटकेनंतर त्यांनाही देश सोडून स्पेन गाठावे लागले. ज्या माणसाने भीतीच्या ग्रंथीची कल्पना केली त्याच्या लेखणीत शिस्तीची ग्रंथी कशी बसली, याचा मी अनेकदा विचार केला आहे. त्या वर्षी घरातली एकेक मुलगी मारली जात वा बेपत्ता होत असताना तो हे लिहीत होता, हे आठवले की टीकेची धार बोथट होते. पान मात्र सुधारत नाही.

या संदर्भात स्वतःचीही एक फजिती सांगतो. ऐन उमेदीत मी एका हुकूमशहाला गिधाडाच्या रूपात काढले होते, छातीवर पदके, पायांत बूट. सोळा पाने. ज्या संपादकांकडे दिली त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत केली आणि विचारले, “याला जेवायला कोण वाढतं?” मला उत्तर सुचले नाही.

ओएस्टरहेल्ड यांना २७ एप्रिल १९७७ रोजी ला प्लाता शहरात पकडून नेण्यात आले. त्यांना चित्रकथेसाठी मारले असे म्हणणे आकर्षक आहे, पण ते अर्धसत्य होईल. ते संघटनेचे सदस्य होते आणि तिच्या प्रचारकार्यात होते. त्यांच्या बेआत्रिस, दियाना, मारिना आणि एस्तेला या चौघी मुली आणि जावईही त्याच दोन वर्षांत मारले गेले वा बेपत्ता झाले. दियाना आणि मारिना गरोदर होत्या. चौघींपैकी एका बेआत्रिसचाच मृतदेह आईच्या हाती आला. लोकशाही परतल्यावर नेमलेल्या चौकशी आयोगाच्या ‘नुन्का मास’, म्हणजे ‘पुन्हा कधीही नाही’, या अहवालात सुमारे नऊ हजार बेपत्ता व्यक्तींची नोंद आहे. मानवी हक्क संघटना हा आकडा तीस हजार मानतात. त्याच अहवालात ओएस्टरहेल्ड यांच्याबरोबर कोंडलेल्या एका मानसशास्त्रज्ञाची साक्ष आहे. १९७७च्या नाताळच्या आदल्या रात्री पहारेकऱ्यांनी कैद्यांना डोक्यावरून ओढलेले बुरखे काढायला, एक सिगारेट ओढायला आणि पाच मिनिटे बोलायला परवानगी दिली. तेव्हा ओएस्टरहेल्ड म्हणाले की आपण इथे सर्वांत वयस्कर आहोत, तेव्हा प्रत्येकाला एकेक करून भेटायचे आहे. आणि त्या अवस्थेतही त्यांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केले. त्यानंतर त्यांचे काय झाले याची नोंद नाही. पत्नी एल्सा पुढे, बेपत्ता झालेल्यांची मुले शोधणाऱ्या ‘प्लाझा दे मायोच्या आज्या’ या संघटनेबरोबर, नातवंडांचा शोध घेत राहिल्या आणि २०१५ साली वारल्या.

रूपक की सरळ, या प्रश्नाचे दुसरे उत्तर ब्रेचा यांच्या टेबलावर सापडते. ते देशातच राहिले. ओएस्टरहेल्ड यांच्याबरोबर १९६२मध्ये ‘मोर्ट सिंडर’ काढताना त्यांनी दाढीच्या ब्लेडने शाई ओढायला सुरुवात केली होती, आणि पुढे तर चिकटकाम, ठसे, हाताला येईल ते वापरले. राजवटीच्या अखेरच्या दिवसांत लेखक हुआन सास्तुराइन यांच्याबरोबर त्यांनी ‘पेर्रामुस’ सुरू केली. तिचा नायक गोष्टीच्या आरंभीच एक भेकड कृत्य करतो: धाड पडते तेव्हा सोबत्यांना न उठवता एकटा पळून जातो. मग तो एका कुंटणखान्यात शिरतो, आणि तिथे देऊ केलेल्या गोष्टींतून विस्मृती निवडतो. आपले नावही न उरल्यामुळे अंगावरच्या रेनकोटाच्या लेबलावरचे नाव तो घेतो. सेनाधिकाऱ्यांचे चेहरे ब्रेचा यांनी कवट्यांसारखे काढले. लोपेस यांनी चेहरा टाळला आणि ब्रेचा यांनी तो दाखवला, तरी दोघांचाही निर्णय मला बरोबर वाटतो. कारण १९५७मध्ये ‘ते’ कोण हे ठरलेले नव्हते, आणि १९८३मध्ये सगळ्यांना ठाऊक असूनही विसरण्याची घाई झालेली होती. १९८९ साली या मालिकेला अॅम्नेस्टी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला. तेव्हा रूपक की सरळ हे धैर्यावर ठरत नाही. वाचकाला काय दिसत नाही आणि काय दिसूनही तो बघत नाही, त्यावर ठरते.

‘एल एतेर्नाउता’च्या शेवटी साल्वोला कळते की अजून १९५९ साल चालू आहे आणि त्याने सांगितलेले सगळे १९६३मध्ये घडणार आहे. तो धावत घरी जातो, बायको-मुलीला पाहतो आणि सारे विसरून जातो. आठवते ते फक्त ऐकणाऱ्या लेखकाला. गोष्ट छापली तर ते टळेल का, असा त्याचा अखेरचा प्रश्न आहे.

तुमच्या चार पानांविषयी आता थोडक्यात. रेषा चांगली आहे, विशेषतः पावसातली गर्दी. दुसऱ्या पानावर राष्ट्राध्यक्षांची जी अर्ध्या पानाची चौकट आहे, सिंहासन, पदके आणि मागे झेंडे, ती पूर्ण काढून टाकून पाहा. चौथ्या पानावर कोपऱ्यात जो कारकून आदेश टंकलिखित करताना दिसतो त्याला तुम्ही पाठमोरा आणि जेमतेम दोन सेंटिमीटरचा काढला आहे. त्याच्या टेबलावर डबा दिसतो. तो डबा कुणी भरून दिला, तो उघडण्याआधी आदेश पुरा होतो की नंतर, आणि टाइप करताना एखादे ओळखीचे नाव आले तर त्याची बोटे थांबतात का, हे सहा चौकटींत काढा. संवादाचा फुगा एकही नको. ती सहा चौकटींची पट्टी आधी पाठवा, मग पाचव्या पानाचे बोलू.